सहप्रवासातील फजिती आणि परसंस्कृतिदर्शन : ‘एकमजली अमेरिका’चे एक परीक्षण

१

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराची चर्चा करताना आपल्याकडे सामान्यतः दोन प्रश्न विचारले जातात. लेखकाने काय पाहिले हा पहिला, आणि पाहिलेले त्याने कोणत्या शैलीत सांगितले हा दुसरा. चुकलेली वाट, हरवलेले सामान, न उमगलेली भाषा, ऐन वेळी रुसलेले वाहन असे जे फजितीचे प्रसंग प्रत्येक प्रवासवर्णनात येतात, त्यांना या दोन्ही प्रश्नांत स्थान नसते. टीकाकार त्यांना ‘खुसखुशीत’ असे एखादे विशेषण बहाल करतो, लेखकाच्या विनोदबुद्धीची पावती फाडतो आणि पुढे निघून जातो. पानातल्या लोणच्याला जे स्थान, तेच प्रवासवर्णनातील फजितीला. चव येते खरी, पण पोट भरण्याशी तिचा संबंध नाही, अशी ही समजूत आहे.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन याहून वेगळे आहे. प्रवास एकट्याचा नसून मंडळींचा असेल आणि तो परक्या मुलखातील रस्त्यावरून चाललेला असेल, तर फजिती हे ज्ञानाचे एक साधन ठरते. वेळापत्रकाप्रमाणे चाललेल्या प्रवाशाला परका समाज आपली दर्शनी बाजू दाखवितो. अडलेल्या प्रवाशाला मात्र त्याला आपले वर्तन दाखवावे लागते. म्हणून अशा ग्रंथाचे मूल्यमापन करताना दोन साधे प्रश्न विचारले पाहिजेत. फजिती कोणाच्या वाट्याला घातली आहे? आणि त्या फजितीतून प्रवाशांना वर कोण काढतो? या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून त्या ग्रंथातील परसंस्कृतिदर्शनाची खोली अजमावता येते, आणि त्याची मर्यादाही. या विधानाची कसोटी पाहण्यासाठी इल्या इल्फ आणि येव्हगेनी पेत्रोव्ह या जोडलेखकांचा ‘एकमजली अमेरिका’ हा रशियन ग्रंथ येथे घेतला आहे.

२

ग्रंथाची हकीकत थोडक्यात अशी. इल्फ आणि पेत्रोव्ह हे दोघेही ओडेसा नगरीचे. ‘बारा खुर्च्या’ (१९२८) आणि ‘सोनेरी वासरू’ (१९३१) या दोन उपरोधप्रधान कादंबऱ्यांनी ते सोव्हिएट वाचकांच्या घराघरांत पोहोचले होते. १९३५ च्या शरदऋतूत ‘प्राव्दा’ या पत्राचे बातमीदार म्हणून ते ‘नॉर्मंडी’ या जहाजाने न्यूयॉर्कला उतरले. अमेरिकेने सोव्हिएट राज्याला मान्यता दिल्यास तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि अमेरिका स्वतः महामंदीच्या तडाख्यातून पुरती सावरलेली नव्हती. सुमारे महिनाभर न्यूयॉर्कमध्ये काढल्यावर या दोघांनी एक फोर्ड मोटार विकत घेतली आणि दोन महिन्यांत अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत जाऊन दक्षिणेच्या मार्गाने ते परत आले. अंतर सुमारे दहा हजार मैल. वाटेत पंचवीस राज्ये. १९३६ मध्ये इल्फच्या छायाचित्रांसह या प्रवासाचा वृत्तान्त ‘ओगोन्योक’ या साप्ताहिकात आला आणि १९३७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ‘लिट्‌ल गोल्डन अमेरिका’ या नावाने त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले. हे नाव लेखकांच्या आधीच्या कादंबरीच्या लौकिकावर बेतलेले दिसते. त्यामुळे ग्रंथाचा मुख्य सिद्धान्त मात्र झाकला गेला. अमेरिका म्हटली की गगनचुंबी इमारती डोळ्यांपुढे येतात. वस्तुतः त्या देशाचा फार मोठा भाग एकमजली वा दुमजली घरांच्या लहान लहान गावांत राहतो, हे निरीक्षण मूळ शीर्षकात आहे. आणि हे निरीक्षण रस्त्याने गेल्याखेरीज होणे शक्य नव्हते, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

प्रवासी मंडळी चौघांची होती. दोघांचेही इंग्रजी तोकडे, मोटार हाकण्याचा सराव नाही, देश अनोळखी. तेव्हा त्यांना असा सोबती हवा होता की, ज्याला मोटार चालविता यावी, इंग्रजी व रशियन दोन्ही यावे, अमेरिकेची खडान्‌खडा माहिती असावी आणि शिवाय ज्याच्यापाशी दोन महिन्यांचा रिकामा वेळ असावा. असा मनुष्य म्हणजे ‘पंख नसलेला देवदूतच’ असे एका प्रकरणाचे शीर्षकच सुचविते. हा देवदूत त्यांना श्री. व सौ. ॲडम्स या दांपत्याच्या रूपाने भेटला. पती वयस्क, स्थूल, टक्कल पडलेला, बोलघेवडा आणि अतोनात विसराळू. पत्नी शांत, काटेकोर आणि निष्णात सारथी. आपली लहान मुलगी न्यूयॉर्कला ठेवून, जिवावर दगड ठेवूनच, ही दोघे निघतात. ॲडम्स हे नाव ग्रंथापुरते. त्यामागची खरी व्यक्ती म्हणजे जनरल इलेक्ट्रिक कंपनीतून निवृत्त झालेले अभियंता सॉलोमन ट्रोन आणि त्यांची पत्नी फ्लॉरेन्स. सोव्हिएट देशातील विद्युतीकरणाच्या कामाशी ट्रोन यांचा संबंध आलेला होता. आपल्या वाचकांना कुतूहल वाटेल अशी एक गोष्ट अशी की, स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या सुमारास औद्योगिक नियोजनाविषयी सल्ला घेण्यासाठी पंडित नेहरूंनी ज्या परदेशी तज्ज्ञांना पाचारण केले, त्यांत हेच सॉलोमन ट्रोन होते. ग्रंथात टोपी विसरणारा गृहस्थ आणि नवी दिल्लीत नियोजनाचा सल्ला देणारा तज्ज्ञ ही एकच व्यक्ती आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे ‘ॲडम्स’ या पात्राच्या घडणीत लेखकांचा हात किती आहे याचा अंदाज येतो.

३

फजिती कोणाच्या वाट्याला, हा आपला पहिला प्रश्न. त्याचे उत्तर या ग्रंथात निःसंदिग्ध आहे. फजिती बव्हंशी ॲडम्स यांची होते. टोपी विसरतात ते ॲडम्स. ती टपालाने मागविली जाते आणि मंडळी पुढे निघून गेल्यामुळे गावोगाव त्यांच्यामागे फिरत राहते. मोठी काच फुटते ती ॲडम्स यांच्या हातून. बोलण्याच्या भरात वाट, वेळ, वस्तू यांचे भान सुटते ते ॲडम्स यांचेच. सौ. ॲडम्स यांच्या वाट्याला काळजी येते, आणि दोघे लेखक ‘आम्ही’ या सर्वनामाच्या आडोशाला मागच्या आसनावर स्वस्थ बसलेले असतात.

ही योजना नवीन नाही. जेरोम के. जेरोम याचा ‘थ्री मेन ऑन द बमेल’ (१९००) हा ग्रंथ तिचा नमुना म्हणून दाखविता येईल. तीन इंग्रज मित्र सायकली घेऊन जर्मनीत हिंडतात. हॅनोव्हरच्या रस्त्यावर पाणी मारण्याच्या नळीशी झोंबून हॅरिस साऱ्या रस्त्याला स्नान घालतो. भाषेच्या घोटाळ्यात जॉर्ज सापडतो. निवेदक मात्र बहुधा कोरडा राहतो. येथे फजितीचा उपयोग दुहेरी आहे. एक तर सोबत्यांचे स्वभाव खुलतात. दुसरे म्हणजे प्रत्येक फजितीच्या शेवटी जर्मन नियमांची आणि पोलिसांची भेट घडते. ज्या देशात गवतावर कोणी चालावे आणि कोणत्या वाटेने चालावे हेही ठरलेले आहे, तो देश नियम मोडल्याखेरीज दिसतच नाही. जेरोमला जर्मन समाजाच्या आज्ञाधारकपणाचे मर्म सापडले, आणि राज्ययंत्रात बिघाड झाल्यास या गुणाचे काय होईल अशी शंकाही त्याने ग्रंथाच्या अखेरीस व्यक्त केली; हे मर्म त्याला पुस्तकातून मिळालेले नाही, सोबत्यांना झालेल्या दंडातून मिळालेले आहे. तथापि त्या दर्शनाला एक मर्यादा आहे. जेरोमच्या मंडळींना फजितीतून वर काढणारा कोणी जर्मन नाही. त्यांना दंड होतो आणि ते पुढे जातात. त्यामुळे जर्मन मनुष्य या ग्रंथात नियमाचा प्रतिनिधी म्हणून येतो, शेजारी म्हणून क्वचितच.

आपल्या वाङ्मयातील विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ या तुलनेत दुसऱ्या टोकाला उभा राहतो. परदेशगमनाचा तो ग्रंथ नव्हे हे खरे. पण वरसईहून निघालेल्या या भटजींना माळवा आणि बुंदेलखंड हा परमुलूखच होता. मथुरेस बायजाबाई शिंदे करणार असलेल्या यज्ञात दक्षिणा मिळवून घरचे कर्ज फेडावे, या हेतूने १८५७ मध्ये पुतण्या आणि काका वाटेला लागतात आणि थेट उठावाच्या वणव्यात सापडतात. वारंवार लुटले जाणे, झाशीच्या वेढ्यात अडकणे, मिळविलेले सर्व गमावणे, हे सारे ‘आम्हां’वरच येते. ते ढकलून द्यावयास येथे ॲडम्स नाही. म्हणून गोडसे भटजींच्या अनुभवाला ‘फजिती’ हा शब्द पुरत नाही. ती विपत्ती आहे. १८८३ मध्ये लिहिलेला आणि १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केलेला हा वृत्तान्त आजही वाचवतो याचे कारण हेच की, त्यात इतिहास बाहेरून पाहिलेला नाही. तो निवेदकाच्या अंगावरून गेला आहे.

या दोन टोकांच्या मध्ये ‘एकमजली अमेरिका’ कोठे बसते? जेरोमप्रमाणे येथेही फजिती सोबत्यावर सोपविली आहे. परंतु हा सोबती यजमान देशाचा नागरिक आहे. हा फरक लहान नाही. परक्या देशात परक्या माणसाची फजिती व्हावी यात आश्चर्य नाही. पण त्या देशातच राहणाऱ्या, त्याची यंत्रे उभारण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाची पदोपदी फजिती होते तेव्हा वाचकाचे लक्ष माणसावरून व्यवस्थेकडे वळते. ग्रंथातील एका प्रकरणाचे शीर्षकच असे की, अमेरिकेला बेसावध गाठता येत नाही. रात्री-अपरात्री कोठेही गाडी उभी करा, पेट्रोल, खाणे आणि निजावयास जागा हजर आहे. पंपावरचा मनुष्य न सांगता काच पुसतो, तेल पाहतो आणि वर नकाशाही हाती देतो. अशा सदैव सावध देशात सदैव बेसावध असलेला ॲडम्स हे पात्र हिंडविणे ही केवळ विनोदाची युक्ती नव्हे. यंत्र किती बिनचूक आहे हे दाखविण्यास चुकणारा मनुष्यच हवा. टोपी विसरली म्हणून तर ती बिनबोभाट गावोगाव पाठविणारी टपालव्यवस्था दिसली.

४

दुसरा प्रश्न, फजितीतून वर कोण काढतो हा. या प्रश्नाचा विचार करताना ग्रंथाचा सर्वांत सकस भाग हाती येतो.

हिवाळ्याचे दिवस, डोंगरी वाटा, रस्त्यावर बर्फ. या प्रवासात गाडी घसरण्याचे आणि अडकण्याचे प्रसंग येतात; ‘दुर्दैवाचा दिवस’ अशा अर्थाचे एक स्वतंत्र प्रकरणही ग्रंथात आहे. अशा वेळी लेखकांच्या ध्यानात येते की, मदत मागावी लागत नाही. मागून येणारी मोटार थांबते, कोणी दोर काढतो, कोणी खांदा लावतो, आणि आभार पुरते ऐकून न घेताच निघून जातो. सोव्हिएट वाचकांसाठी लिहिणाऱ्या या बातमीदारांच्या मनात अमेरिकन समाजाविषयी काही सिद्धान्त आधीच होते. हा समाज स्पर्धेवर उभा आहे, येथे मनुष्य मनुष्याचा प्रतिस्पर्धी आहे, हे ते वाचून आले होते आणि ग्रंथात पुष्कळ ठिकाणी त्यांनी तसे म्हटलेही आहे. पण खड्ड्यातल्या गाडीने त्यांना जे दाखविले ते या सिद्धान्तात बसणारे नव्हते. त्यांच्या प्रामाणिकपणाचे श्रेय असे की, त्यांनी न बसणारी गोष्ट वगळली नाही. १९३७ साल हे सोव्हिएट लेखकांना किती बिकट होते हे सांगावयास नको. त्या वर्षी अमेरिकन माणसाच्या सौजन्याची आणि कामातील नेटकेपणाची मोकळी स्तुती छापण्यास धाडस लागत होते.

ज्यांच्याकडून मदत घेतली त्यांच्या ऋणाची फेड मंडळी दुसऱ्यांना मदत करून करतात. रस्त्याच्या कडेला हात वर करून उभ्या असलेल्या वाटसरूंना ते गाडीत घेतात. मंदीच्या त्या वर्षांत असे वाटसरू हमरस्त्यावर पुष्कळ होते. गाडीत बसलेला प्रत्येक मनुष्य आपली कहाणी सांगतो. तास-दोन तासांनी उतरून जातो. पुन्हा कधी भेटत नाही. नौदलाचा शिपाई येतो, तरुण बाप्टिस्ट येतो. रॉबर्ट्‌स नावाचा एक तरुण येतो. त्याची पत्नी दीर्घकाळ रुग्णालयात असून त्याची कमाई तिच्या उपचारांत गेलेली आहे, आणि तरीही त्याच्या बोलण्यात तक्रार नाही. आणखी एक वाटसरू श्रीमंतांवर चिडलेला आहे. त्यांची संपत्ती काढून घ्यावी, असे त्याचे मत. मात्र प्रत्येकापाशी पन्नास लाख डॉलर राहू द्यावेत. इतके का राहू द्यावेत? तर उद्या आपणही लक्षाधीश होऊ अशी त्याची आशा अद्याप सुटलेली नाही! अमेरिकन मनाविषयी अर्थशास्त्राच्या जाड ग्रंथांत जे सापडणार नाही, ते येथे एका फाटक्या माणसाच्या एका अटीत सापडते. विशेष म्हणजे लेखक यावर भाष्य करीत नाहीत. हसू येते आणि त्या हसण्याच्या मागोमाग खिन्नताही येते.

याउलट ज्या प्रकरणांत भेटी आधी ठरविलेल्या आहेत तेथे लेखनाचा सूर बदलतो. हॉलिवुडवरील प्रकरणे यांचे उदाहरण. तेथील चित्रपटांचा साचेबंदपणा, नटनट्यांची आणि दिग्दर्शकांची वेठबिगारी यांवर लेखकांनी झोड उठविली आहे. ही टीका चुकीची आहे असे नव्हे. पण ती आधीच तयार असलेली टीका आहे. तेथे लेखकांना कोणी अडविले नाही, कोणी सोडविले नाही, आणि म्हणून त्यांचे मतही कोठे अडले नाही.

या विधानाला एक अपवाद आहे आणि तो नोंदविणे न्याय्य होईल. न्यूयॉर्कनजीकच्या सिंग सिंग तुरुंगाची भेट ही ठरवून घेतलेली आहे. तेथे मंडळींना विजेची खुर्ची दाखविण्यात येते. फजितीचा लवलेश नसूनही हे प्रकरण ग्रंथातील उत्कृष्ट प्रकरणांपैकी एक आहे. याचे कारण शोधू गेल्यास आपले सूत्र थोडे सुधारून घ्यावे लागते. फजिती ही स्वतः ज्ञान देत नाही. प्रवाशाचा सुरक्षितपणा क्षणभर हिरावून घेणे हे तिचे कार्य आहे. ते कार्य खड्डा करतो, हरवलेली टोपी करते, आणि क्वचित एखादी रिकामी खुर्चीही करते.

५

आता या दर्शनाच्या मर्यादेकडे वळू. ती दोन ठिकाणी प्रत्ययास येते.

पहिली मर्यादा भाषेची. मोटारीतील संवाद वाचताना वाटसरू थेट आपल्याशी बोलत आहे असा भास होतो. वस्तुतः लेखकांचे इंग्रजी बेताचे. बहुतेक संभाषण ॲडम्स दांपत्याच्या मध्यस्थीने रशियनमध्ये उतरलेले. म्हणजे ज्याच्या वाट्याला ग्रंथातील फजिती घातली, त्याच्याच तोंडून ग्रंथातील अमेरिका बोलते आहे. ॲडम्स यांना प्रश्न विचारण्याची अनावर हौस आहे असे लेखक सांगतात आणि त्यावर हसतात. पण ती हौस नसती तर पन्नास लाखांची अट कोणाला कळली असती? हास्यास्पद ठरविलेला सोबती हाच या ग्रंथाचा खरा संशोधक आहे. लेखकांना याची जाणीव होती. ॲडम्स यांच्यावरील विनोदात जो जिव्हाळा आहे तो या जाणिवेतूनच आलेला आहे. तरीही वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे की, त्याला ऐकू येणारा आवाज तिघांच्या गाळणीतून आलेला आहे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. परतीच्या वाटेवर, एल पासोहून सीमा ओलांडून मेक्सिकोत एक दिवस काढून आणि बैलझुंज पाहून उबगल्यावर, मंडळी टेक्सासमधून दक्षिणेच्या राज्यांत शिरतात. तेथील कृष्णवर्णीयांच्या दैन्याविषयी आणि अपमानाविषयी लेखकांनी कळकळीने लिहिले आहे. पण येथे त्यांची नेहमीची पद्धत चालेनाशी होते. आतापर्यंत रस्ता हा सर्वांचा होता. जो अडेल त्याला कोणीतरी उचलील, हा त्या रस्त्याचा अलिखित कायदा होता. दक्षिणेत आल्यावर कळते की, हा कायदा गोऱ्या वाटसरूंपुरता आहे. कृष्णवर्णीय मनुष्याला परक्याच्या मोटारीत बसणे आणि त्याने बसविणे या दोन्ही गोष्टी तेथे भयाच्या होत्या. त्यामुळे ज्या गाडीने शिपायाला, धर्मनिष्ठ तरुणाला आणि दुःखी पतीला बोलते केले, त्या गाडीत दक्षिणेचा मुख्य साक्षीदार त्याच मोकळेपणाने येऊन बसत नाही. तो खिडकीतून दिसतो. प्रकरण करुण होते. संवाद मात्र ओसरतो.

या ठिकाणी एका समकालीन वस्तुस्थितीची नोंद उद्‌बोधक ठरेल. इल्फ आणि पेत्रोव्ह यांचा प्रवास ज्या १९३६ सालच्या प्रारंभी संपला, त्याच १९३६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहणारे टपाल खात्यातील एक कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी कृष्णवर्णीय मोटारप्रवाशांसाठी एक मार्गदर्शिका काढण्यास प्रारंभ केला. कोणत्या गावात कोणत्या खाणावळीत जेवता येईल, कोठे निजता येईल, कोठे गाडी दुरुस्त होईल, याच्या याद्या तीत असत. ‘ग्रीन बुक’ या नावाने ओळखली जाणारी ही पुस्तिका १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे सार्वजनिक ठिकाणचा वर्णभेद १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने बेकायदा ठरल्यानंतरही काही काळ, निघत राहिली. ‘एकमजली अमेरिका’ आणि ही पुस्तिका शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. एकीत फजिती ही गंमत आहे, कारण तिच्या शेवटी मदत येणार हे ठरलेले आहे. दुसरीत फजितीला जागाच नाही. वाट चुकणे, पेट्रोल संपणे, रात्र पडणे यांपैकी काहीही जिवावर बेतू शकते, म्हणून आधीपासून यादी हवी. एकाच रस्त्यावर, एकाच वर्षी, एकाच्या चुकीची गोष्ट होते आणि दुसऱ्याला चूक परवडत नाही. फजितीचा विनोद हा निर्धास्त माणसाचा विनोद असतो, हे सत्य कोणत्याही प्रवासवर्णनाचे परीक्षण करताना विसरता कामा नये.

६

शेवटी ‘आम्ही’ या सर्वनामाविषयी.

इल्फच्या निधनानंतर पेत्रोव्हने जे आठवणीवजा लेखन केले त्यावरून असे कळते की, या दोघांनी आधीचे सर्व लेखन एका टेबलाशी बसून, वाक्यावाक्यावर वाद घालीत केले होते. ‘एकमजली अमेरिका’ हा मात्र त्यांनी प्रथमच वेगवेगळे बसून लिहिलेला ग्रंथ. वीस प्रकरणे एकाने, वीस दुसऱ्याने आणि सात दोघांनी मिळून लिहिली. कोणते प्रकरण कोणाचे हे जाणत्या वाचकालाही ओळखता आले नाही, असे पेत्रोव्ह सांगतो. दहा वर्षांच्या सहवासाने घडलेले हे ‘आम्ही’ इतके एकजीव झाले होते.

परंतु या एकजीवपणाची एक किंमत आहे. वेगवेगळे बसून लिहिण्याचे कारण इल्फचा आजार हे होते. जानेवारी १९३६ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे, म्हणजे याच प्रवासात, छातीत दुखत असल्याचे इल्फने पेत्रोव्हला सांगितले. खोकल्यातून रक्त पडले होते. जुना क्षय उलटला होता. मोटार पुढे चालत राहिली. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, १३ एप्रिल १९३७ रोजी, इल्फ मॉस्कोत निवर्तला. आपण दोघांनी एखाद्या विमानाच्या किंवा मोटारीच्या अपघातात एकदमच जावे, म्हणजे एकाला दुसऱ्याच्या मागे राहावयास नको, अशा आशयाचे इल्फचे बोलणे पेत्रोव्हने नमूद केले आहे. तसे घडले नाही. पेत्रोव्ह पाच वर्षांनी, २ जुलै १९४२ रोजी, युद्धवार्ताहर म्हणून सेव्हास्तोपोलहून परतताना विमान कोसळून मृत्यू पावला.

न्यू ऑर्लिन्सचा तो प्रसंग ग्रंथात नाही. ॲडम्सची टोपी आहे, फुटलेली काच आहे, घसरलेली गाडी आहे. रक्त पडलेला रुमाल नाही. दहा हजार मैलांच्या या प्रवासातील सर्वांत मोठा अपघात मागच्या आसनावर झाला आणि तो ‘आम्ही’च्या आड दडून राहिला. यात लेखकांना दोष देण्याचे कारण नाही. विनोदी प्रवासवर्णनात ते बसले नसते, आणि इल्फसारख्या संकोची माणसाला ते रुचलेही नसते. पण हे कळल्यावर ग्रंथ पुन्हा वाचणाऱ्यास परतीच्या प्रकरणांतील सूर थोडा मंदावलेला वाटू लागतो, आणि सर्व फजिती ॲडम्सकडे का सोपविली होती याचाही एक निराळा अर्थ लागू लागतो. लेखकांनी हसण्याजोगे तेवढे सोबत्याच्या नावे लिहिले. न हसण्याजोगे आपल्यापाशी ठेवले. गोडसे भटजींच्या ‘आम्ही’त विपत्ती मावते, इल्फ-पेत्रोव्हच्या ‘आम्ही’त ती मावत नाही. दोन ग्रंथांतील हा भेद शैलीचा नव्हे, निवेदकाने स्वतःला कोठे उभे केले आहे याचा आहे.

७

या विवेचनाचा निष्कर्ष असा. परदेशातील सहप्रवासाचे वर्णन तपासताना फजितीच्या प्रसंगांची केवळ विनोद म्हणून नोंद करणे अपुरे आहे. ती कोणाच्या माथी मारली, तिच्यातून कोणी सोडविले, आणि कोणती फजिती मुळात सांगितलीच नाही, या तीन प्रश्नांनी ग्रंथाची तपासणी केली असता त्याच्या परसंस्कृतिदर्शनाचे बळ आणि त्याचे आंधळे कोपरे दोन्ही उघड होतात. ‘एकमजली अमेरिका’ या तपासणीला बव्हंशी उतरते. अडलेल्या क्षणी दिसलेला समाज तिने आपल्या पूर्वग्रहांशी विसंगत असूनही प्रांजळपणे नोंदविला. जेथे रस्ता सर्वांचा नव्हता तेथे तिची वाचा अडखळली. आणि स्वतःचे दुःख तिने लपविले.

मराठीत गेल्या काही दशकांत परदेशप्रवासाची वर्णने विपुल झाली आहेत. त्यांपैकी पुष्कळ वर्णने सहलमंडळींबरोबर केलेल्या प्रवासाची आहेत. हरवलेले पासपोर्ट, चुकलेली बस, न मिळालेले शाकाहारी जेवण यांचे प्रसंग त्यांत ठरल्याप्रमाणे येतात आणि ठरल्याप्रमाणे हसवितात. या प्रसंगांत वर काढणारा मनुष्य बहुधा सहल नेणारा आपलाच माणूस असतो. त्या देशाचा रहिवासी क्वचित. फजिती होते, पण ती आपल्याच मंडळीत सुरू होऊन आपल्याच मंडळीत मिटते, आणि परका देश खिडकीबाहेर राहतो. या वाङ्मयाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी स्थळांच्या याद्या करण्याऐवजी मदतीला आलेल्या माणसांच्या याद्या कराव्यात, असे सुचवावेसे वाटते. लेखक त्या देशात खरोखर गेला होता की नाही, याचा पुरावा त्या यादीत मिळेल.